वाचेचा अडसर : जीभ कीं मेंदू ?

बोलतांना अडखळणाऱ्या मनुष्यासंबंधानें मराठींत जे वाक्प्रचार रूढ आहेत ते एकत्र मांडले असतां एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. त्याची जीभ जड आहे, त्याची जीभ वळत नाहीं, त्याची जीभ अडखळते. जणूं सगळी फिर्याद एकट्या जिभेवर. हा आरोप केवळ मराठी बोलणारांनींच केला असें नाहीं. युरोपांतील वैद्यांचें मतहि कित्येक शतकें बहुतांशीं हेंच होतें. पुढें जीभ निर्दोष ठरली तेव्हां आरोप मनावर आला, मनावरून आईबापांवर आला, आणि गेल्या तीसचाळीस वर्षांत तो मेंदूपाशीं येऊन थांबला आहे. हा प्रवास कसा झाला, आणि त्याच्या प्रत्येक मुक्कामीं तोतऱ्या मनुष्यास काय भोगावें लागलें, हें थोडक्यांत सांगावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बोबडेपणा आणि तोतरेपणा हीं दोन व्यंगें पुष्कळदां एकच समजलीं जातात. बोबड्या मुलाच्या तोंडीं वर्णच बदलतो. तें 'राजा'चा 'लाजा' करतें, पण न थांबतां करतें. तोतऱ्याच्या तोंडीं वर्ण बरोबर असतो. तो वेळेवर सुटत नाहीं, एवढेंच. पहिलें अक्षर दोनचारदां फिरफिरून येतें, किंवा लांबतें, किंवा ओठ मिटलेले असतां आवाज आंतल्या आंत कोंडला जातो. काय बोलावयाचें हें त्यास पक्कें ठाऊक असतें. मनांत तयार असलेला शब्द दारापर्यंत येतो आणि दारांतच अडतो. हें व्यंग बहुधा दुसऱ्या व पांचव्या वर्षांच्या दरम्यान, मूल वाक्यें जुळवूं लागतें त्या सुमारास, प्रकट होतें. शंभर मुलांपैकीं सुमारें पांच मुलें या अवस्थेंतून जातात. त्यांपैकीं चारांत तीन तरी कांहीं वर्षांत आपोआप मोकळीं बोलूं लागतात. उरलेल्यांना हें व्यंग जन्मभर साथ करतें. मोठेपणीं त्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या सुमारें चौपट असते.

मुंबईहून मध्य रेल्वेनें कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालें म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात. २०११ च्या जनगणनेंत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांवर भरली होती. प्रौढांत शेंकडा एकाच्या आसपास हें व्यंग निरनिराळ्या देशांत आढळतें. तें प्रमाण लाविलें तर या एवढ्याशा टापूंत पांचसात हजार माणसें रोज शब्दांशीं झुंजत असलीं पाहिजेत. तोतरा मनुष्य मोठा चतुर असतो. अडणारा शब्द दुरून दिसतांच तो त्यास बगल देऊन दुसरा शब्द योजतो; 'पाणी' अडेलसें वाटलें तर 'तहान लागली आहे' म्हणतो. परंतु स्वतःच्या नांवाला आणि गांवाच्या नांवाला प्रतिशब्द नाहीं. बदलापूरला बदलापूरच म्हणावें लागतें, आणि तेंहि तिकिटाच्या खिडकीशीं, मागें वीस माणसांची रांग उभी असतां. 'ब' म्हणण्यासाठीं ओठ मिटावे लागतात, आणि मिटलेले ओठ उघडत नाहींत. अशा वेळीं उच्चारास सोप्या वाटणाऱ्या भलत्याच स्थानकाचें तिकीट घेऊन मोकळीं होणारीं माणसें जगांत सर्वत्र आहेत. तिकिटें देणारीं यंत्रें आलीं तेव्हां इतरांचा वेळ वांचला. यांची अब्रू वांचली.

याच टापूंतील अंबरनाथच्या शिवमंदिराची एक हकीकत आमच्या विषयास उपकारक आहे. या मंदिरांत शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकांत तो प्रथम वाचून प्रसिद्ध केला डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. रोग्याची नाडी आणि दगडावरचें अक्षर हीं दोन्ही सारख्याच निष्ठेनें पाहणारा हा पुरुष. त्यांनीं लेखांतील शकाचा आंकडा ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच दगड पुन्हां तपासला आणि तो आंकडा ९८२ असल्याचें दाखवून दिलें. म्हणजे मंदिर इ. स. १०६० चें ठरलें. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचा फरक पडला. दगड तोच होता, अक्षरहि तेंच होतें, आणि पहिला वाचक कांहीं सामान्य नव्हता. तोतरेपणाच्या बाबतींत वैद्यांचें असेंच झालें आहे. चिन्ह सर्वांच्या समोर होतें. पिढ्यान् पिढ्या तें निरनिराळें वाचलें गेलें. फरक इतकाच, कीं दगडाचें वाचन चुकलें तर दगडास इजा होत नाहीं.

आपल्याकडील सर्वांत जुनें वाचन सुश्रुताचें. निदानस्थानांतील वातव्याधींच्या अध्यायांत त्यानें या विषयाचा उल्लेख केला आहे. कफयुक्त वायु शब्द वाहणाऱ्या धमन्यांस व्यापून टाकतो, आणि त्यामुळें मनुष्य मूक, मिन्मिण किंवा गद्गद होतो, असा त्याचा आशय. मिन्मिण म्हणजे नाकांतून बोलणारा, आणि गद्गद म्हणजे पदें व व्यंजनें गाळीत, अडखळत बोलणारा, अशी टीकाकारांची फोड आहे. व्याकरणकारांनाहि हा शब्द परिचित होता. पाणिनीय धातुपाठाच्या कण्ड्वादि गणांत 'गद्गद' हा वाणीच्या स्खलनाचा वाचक म्हणून आलेला आहे. येथें जपून बोललें पाहिजे. सुश्रुताची धमनी म्हणजे आजचा मज्जातंतु, असें म्हणून प्राचीनांच्या पदरीं अर्वाचीन शोध बांधण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो खरा नव्हे, आणि त्यानें सुश्रुताचा गौरवहि होत नाहीं. त्याचा गद्गद हा सर्वस्वीं आपला तोतराहि नव्हे. परंतु एवढें मात्र निःसंशय म्हणतां येईल, कीं त्यानें दोष जिभेच्या मांसांत न शोधतां शब्द वाहून नेणाऱ्या मार्गांत शोधला. ही दृष्टि पुढें लोकव्यवहारांत टिकली नाहीं. घरोघरीं राहिलें तें मधांत उगाळलेलें वेखंड जिभेवर चोळणें; आणि मूल लवकर बोलेना किंवा बोलतांना अडूं लागलें कीं जिभेखालचा ताण कापून घेणें.

ग्रीकांकडे पाहिलें तर ॲरिस्टॉटलच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथांत जीभ विचारांच्या वेगास पुरी पडत नाहीं अशा अर्थाचें कारण दिलेलें आढळतें. डेमॉस्थेनीसनें तोंडांत खडे धरून बोलण्याचा अभ्यास केला ही प्लूटार्कनें सांगितलेली कथा शाळेंतल्या मुलांसहि पाठ असते. तिनें किती तोतऱ्या मुलांच्या तोंडांत खडे कोंबले गेले असतील याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. सोळाव्या शतकांत इटालियन वैद्य मर्क्युरिआलिस यानें मेंदूंतील व जिभेंतील ओलावा हें कारण मानलें. सतराव्या शतकांत फ्रान्सिस बेकन यास तें जिभेच्या थंडपणांत दिसलें, आणि जीभ उष्ण व्हावी म्हणून माफक मद्य घ्यावें असें त्यानें सुचविलें. कोणीं जीभ ओली म्हटली, कोणीं थंड म्हटली. परंतु आरोपी बहुधा तीच.

या आरोपाची शिक्षा प्रत्यक्ष अंमलांत आली ती एकोणिसाव्या शतकांत. फ्रान्समध्यें इटार्ड या वैद्यानें १८१७ सालीं जिभेखालीं बसविण्याचा सोन्याचा किंवा हस्तिदंताचा एक लहानसा कांटा तयार केला; दुबळ्या जिभेस टेंकू द्यावा ही त्यामागील कल्पना. १८४१ सालीं बर्लिनचा सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य डीफेनबाख यानें याहून धाडसाचा मार्ग धरला. जिभेच्या मुळाशीं आडवा छेद घेऊन तेथील पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून टाकावयाचा, म्हणजे आंचके देणारे स्नायू सैल पडून वाणी मोकळी होईल असा त्याचा तर्क. भूल देण्यासाठीं ईथरचा यशस्वी प्रयोग १८४६ सालीं जगापुढें आला. म्हणजे हें सर्व शुद्धीवर असलेल्या रोग्यांवर झालें. युरोपांत इतरत्रहि त्याचें अनुकरण झालें. रक्तस्रावानें माणसें दगावलीं. आणि लवकरच ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली. डीफेनबाख दुष्ट नव्हता. रिनोप्लास्टीसारख्या शास्त्रांत त्याचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. त्याचें निदान चुकलें होतें, आणि चुकलेल्या निदानास कुशल हात मिळाले होते. आपल्याकडचा जिभेचा ताण कापण्याचा उपाय याच जातीचा, मात्र सौम्य. तो ताण फारच आंखूड असला तर बाळास दूध ओढण्यास अडचण पडते हें खरें. परंतु त्याचा तोतरेपणाशीं संबंध नाहीं.

वास्तविक जीभ निर्दोष आहे हें समजण्यास शस्त्राची गरज नव्हती. कान पुरे होते. तोतरा मनुष्य गातो तेव्हां अडखळत नाहीं. शाळेंत सगळा वर्ग एका सुरांत पाढे म्हणत असतो तेव्हां तोतरा मुलगाहि बिनचूक पाढे म्हणतो; त्यालाच एकट्याला उभें करून 'बे त्रिक किती' विचारलें कीं त्याचा 'स' सुटत नाहीं, आणि मास्तर समजतात कीं यानें अभ्यास केला नाहीं. गणपतीच्या आरतींत तो अडत नाहीं. सकाळच्या गाडींत टाळ वाजवीत मुंबईस जाणारीं भजनी मंडळें या मार्गावरच्या प्रवाशांच्या परिचयाचीं आहेत. त्यांत घोळक्याच्या सुरांत सूर मिळवून अभंग म्हणणारा एखादा गृहस्थ ठाण्यास उतरून कचेरींत आपलें नांव सांगतांना घामाघूम होत असेल, हें शेजारच्याच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. जीभ तीच, ओठ तेच, शब्दहि तेच. दोष जर जिभेंत असता तर तो अभंगाला पाहून पळून गेला नसता. बाहेरून ताल मिळाला कीं अडथळा दूर होतो. ताल आंतून निर्माण करावयाचा असला कीं तो पुन्हां उभा राहतो. एवढी एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली असती तर बर्लिनमधील कित्येक जिभा वांचल्या असत्या.

१८६१ सालीं पॅरिसमध्यें पॉल ब्रोका यानें एका रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. त्या रोग्यास दुसऱ्याचें बोलणें समजत असे, पण स्वतःस एकच अक्षर काय तें उच्चारतां येत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा एक भाग नष्ट झालेला आढळला. वाणीचें स्थान बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या गोलार्धांत असतें हा सिद्धान्त येथून पुढें दृढ झाला. त्याच्याच आधारें १९२० नंतर अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांत ऑर्टन व ट्रॅव्हिस यांनीं तोतरेपणाची नवी उपपत्ति मांडली. जीभ व ओठ यांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच क्षणीं हलावे लागतात. तो हुकूम मेंदूच्या एका गोलार्धानें दिला पाहिजे. दोन्ही गोलार्ध समबल होऊन हुकूम सोडूं लागले तर गोंधळ होतो, असें त्यांचें म्हणणें. यावरून डाव्या हाताच्या मुलास बळजबरीनें उजवा हात वापरावयास लावल्यानें तोतरेपणा येतो असें मत पसरलें. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याचें उदाहरण पुढें केलें जाई; त्याला लहानपणीं डावा हात सोडावयास लावलें होतें, तो तोतरा होता, आणि १९२६ पासून लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन शिक्षकाकडे तो बोलण्याचे धडे घेत असे. ज्या समाजांत डाव्या हातानें जेवणें हा अजूनहि मोठा अपराध, त्या आपल्या समाजांत ही उपपत्ति खरी असती तर घरोघर तोतरे निपजले असते. पुढील परीक्षांत ती त्या स्वरूपांत टिकली नाहीं. परंतु डाव्या गोलार्धाकडे तिनें दाखविलेलें बोट मात्र वायां गेलें नाहीं.

तीं मतें मागें पडतांच शास्त्राचा लंबक दुसऱ्या टोंकास गेला. आयोवांतच ट्रॅव्हिसचा शिष्य वेंडेल जॉन्सन, जो स्वतः तोतरा होता, त्यानें असें प्रतिपादन केलें कीं सर्वच मुलें लहानपणीं थोडींफार अडखळतात. आईबाप त्यास व्यंग म्हणून नांव ठेवतात, आणि त्या नांव ठेवण्यानेंच व्यंग जन्मास येतें. या मताच्या परीक्षेसाठीं १९३९ सालीं त्याच्या देखरेखीखालीं आयोवांतील एका अनाथाश्रमाच्या २२ मुलांवर एक प्रयोग करण्यांत आला. त्यांतील कांहीं चांगल्या बोलणाऱ्या मुलांस 'तुम्ही तोतरीं आहां' असें महिनोन् महिने बजावण्यांत आलें. तीं मुलें तोतरीं झालीं असें सिद्ध झालें नाहीं. पण त्यांनीं बोलणेंच कमी केलें, तीं भित्रीं व एकलकोंडीं झालीं. हा प्रयोग पुष्कळ वर्षें झांकून राहिला. २००१ सालीं तो उघडकीस आला तेव्हां विद्यापीठानें क्षमा मागितली आणि २००७ सालीं आयोवा राज्यानें हयात असलेल्यांना भरपाई दिली. या उपपत्तीनें दुसरें एक नुकसान केलें, त्याची भरपाई मात्र कोणीच देऊं शकत नाहीं. तोतऱ्या मुलांच्या आया 'माझ्याच बोलण्यानें असें झालें' हा सल घेऊन जन्म कंठीत राहिल्या.

मनावरचा आरोप सर्वस्वीं निराधार होता असें मात्र नाहीं, आणि येथें आपणांस पुन्हां या टापूकडे यावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांचा मोठा तळ होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें लाखभर निर्वासितांस त्या बराकींत आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून त्या वसाहतीचें उल्हासनगर झालें. तेथील पेठा अजून 'कॅम्प'च्या आंकड्यानें ओळखल्या जातात. युद्ध आणि परागंदा होणें, या दोहोंची खूण एकाच भूमीवर असलेलें असें गांव विरळा. युद्ध व वाणी यांचा संबंध पहिल्या महायुद्धांतच दिसून आला होता. तोफांच्या भडिमारांतून परत आलेले कित्येक शिपाई एकाएकीं मुके किंवा तोतरे झाले, आणि त्यांच्यापैकीं अनेक पुढें बरेहि झाले. तेव्हां भयानें वाणी अडूं शकते हें खरें. परंतु तें अडणें प्रौढ वयांत, एका घटनेनंतर, अकस्मात् सुरू होतें. पाळण्यांतून नुकत्याच उतरलेल्या मुलाचें, हळूहळू उगवणारें, बहुधा घराण्यांत चालत आलेलें तोतरेपण निराळें. आणि डोक्यास मार लागल्यानें किंवा पक्षाघातानें येणारें तोतरेपण तिसरेंच. एका नांवाखालीं तीन रोग वावरत होते, आणि एकाचा पुरावा दुसऱ्यास लावला जात होता.

उल्हासनगर आणखी एका जुन्या समजुतीची परीक्षा घेतें. मुलाच्या कानावर दोन-तीन भाषा पडल्या तर तें तोतरें होतें असें पुष्कळ सुशिक्षितहि मानीत आले आहेत. उल्हासनगरच्या मुलाच्या घरांत सिंधी. त्या भाषेंत श्वास आंत ओढून उच्चारावयाचीं चार व्यंजनें आहेत, जीं मराठी तोंडास सहसा साधत नाहींत. बाजारांत हिंदी, कचेरींत व शेजारच्या गांवांत मराठी, आणि शाळेंत पुष्कळदां इंग्रजी. भाषांच्या गर्दीनें जीभ अडत असती तर हें गांव व्यापारासाठीं प्रसिद्ध न होतां मौनासाठीं झालें असतें. घरची भाषा बंद करा म्हणजे मुलगा सुधारेल, हा सल्ला ज्या आजीला मिळाला तिची नातवाशीं बोलण्याची वाट मात्र बंद झाली.

मेंदूचें प्रत्यक्ष दर्शन जिवंतपणीं घेण्याचीं साधनें विसाव्या शतकाच्या अखेरीस हातीं आलीं तेव्हां वादाचें स्वरूपच पालटलें. १९९६ सालीं टेक्सासमधील फॉक्स आदि संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तोतऱ्या माणसांस एकट्यानें व नंतर दुसऱ्याच्या सुरांत सूर मिळवून वाचावयास लावून त्यांच्या मेंदूंतील रक्तप्रवाह मोजण्यांत आला. एकट्यानें वाचतांना उजव्या बाजूचे भाग वाजवीपेक्षां अधिक राबत होते, आणि आपलाच आवाज ऐकून बोलणें सांवरणारे भाग मंद पडले होते. सामुदायिक वाचनांत हा असमतोल पुष्कळसा नाहींसा झाला. भजनाच्या डब्यांत जें कानांस ऐकूं येत होतें तेंच येथें यंत्रांत दिसलें. २००२ सालीं जर्मनींत सोमर आदि संशोधकांस तोतऱ्या माणसांच्या डाव्या गोलार्धांत, जीभ व कंठ यांना चालविणाऱ्या भागाच्या लगत खालीं, दोन केंद्रें जोडणाऱ्या तंतूंची बांधणी विस्कळित आढळली. कल्याणच्या जंक्शनांत गाडी धड असावी, रूळ धड असावा, मोटरमनहि जागेवर असावा, आणि सिग्नल मात्र क्षणभर उशिरा पडावा, तसा हा प्रकार. बोलणें म्हणजे एका सेकंदाच्या अंशांत डझनावारी स्नायूंस क्रमानें सोडलेले हुकूम. त्यांत जराशी दिरंगाई झाली तरी अक्षर फलाटावरच अडकतें.

हुकुमाची ही वेळ सांभाळण्यांत मेंदूच्या तळाशीं असलेल्या 'बेसल गँग्लिया' या केंद्रसमूहाचा मोठा भाग आहे. कंपवातांत बिघडतो तो हाच समूह. आणि कंपवाताचा रोगीहि बाहेरून ताल मिळाला असतां अधिक नीट चालतो, हें साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे. त्या केंद्रांतील डोपामीन या द्रव्याचा प्रभाव कमी करणाऱ्या औषधांनीं तोतरेपणा कांहींसा उतरतो. मात्र त्यांचे दुष्परिणाम असे कीं त्यापेक्षां व्यंग पुरवलें. २०२४ सालीं 'ब्रेन' या नियतकालिकांत पक्षाघातानें तोतऱ्या झालेल्या रोग्यांचा अभ्यास आला. त्यांच्या मेंदूंतील जखमा निरनिराळ्या ठिकाणीं असूनहि त्या सर्व एकाच जाळ्यावर पडत होत्या, आणि त्या जाळ्याचा मध्य डाव्या बाजूच्या याच केंद्रसमूहाशीं येत होता.

अनुवंशाचा पुरावाहि याच दिशेनें आला. एकरूप जुळ्यांत एक तोतरा असल्यास दुसराहि तसा निघण्याचा संभव साध्या जुळ्यांहून बराच अधिक, हें पूर्वींच कळलें होतें. २०१० सालीं ड्रेना व त्याचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील मोठ्या तोतऱ्या कुटुंबांच्या अभ्यासावरून तीन जनुकांतील दोष शोधून काढले. हीं जनुकें पेशींतील केरकचरा निकालांत काढण्याच्या कामाशीं संबद्ध आहेत. त्यांचा वाणीशीं काय संबंध असें कोणासहि वाटेल. पण त्यांपैकीं एक दोष उंदरांत घातला तेव्हां त्यांच्या पिलांच्या आवाजांतहि विराम लांबल्याचें २०१६ सालीं आढळलें. २०२५ सालीं दहा लाखांहून अधिक माणसांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत तोतरेपणाशीं संबद्ध अशीं ५७ स्थळें निघालीं, आणि पुरुषांत सर्वांत ठळक दिसलेलें जनुक हें तालाबरोबर टाळी जुळविण्याच्या शक्तीशींहि पूर्वीं जोडलें गेलेलें होतें.

तरी मेंदूवरचा हा खटला निकालांत निघाला असें म्हणणें घाईचें होईल. प्रौढाच्या मेंदूंत जो फरक दिसतो तो व्यंगाचें कारण कीं जन्मभर अडखळण्याचा परिणाम, हा प्रश्न आरंभापासून होता. म्हणून पुढें लहान मुलांचे मेंदू तपासण्यांत आले, आणि त्यांतहि तंतूंच्या बांधणींत फरक दिसला. परंतु कोणत्या मुलाचें तोतरेपण आपोआप जाईल आणि कोणाचें राहील हें खात्रीनें सांगणारी खूण अद्यापि हातीं लागलेली नाहीं. शिवाय भय, घाई, थट्टा यांनीं व्यंग वाढतें यांत शंका नाहीं. बीज मेंदूंत असेल. त्यास पाणी घालण्याचें काम आपण सगळेच करतों.

आतां या विद्येचा आपल्या व्यवहाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. वाणीच्या उपचारांचें रीतसर शिक्षण आपल्या देशांत १९६५ ते १९७० च्या दरम्यान मुंबईचें नायर रुग्णालय व म्हैसूरची अखिल भारतीय संस्था येथें सुरू झालें. १९८३ सालीं वांद्र्यास अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली. म्हणजे डीफेनबाखच्या सुरीपासून वाक्-चिकित्सकाच्या खुर्चीपर्यंत येण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. बदलापूरच्या आईबापांस मुलाला घेऊन वांद्र्यास जावयाचें तर दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि एक दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षां वेखंड स्वस्त.

याहूनहि नाजूक प्रश्न कायद्याचा आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यांत वाणी व भाषा यांच्या अपंगत्वाची व्याख्या आहे. तींत कंठ काढून टाकणें किंवा मेंदूच्या विकारानें वाणी जाणें यांसारख्या अवस्थांमुळें, इंद्रियगत वा मज्जासंस्थेंतील कारणांनीं आलेलें कायमचें अपंगत्व अभिप्रेत आहे. तोतरेपणाचें नांव त्या व्याख्येंत नाहीं. तेव्हां तोतरेपण मज्जासंस्थेंतून उद्भवतें कीं नाहीं हा प्रश्न आतां केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाहीं. मुलाखतींत नाकारलेल्या उमेदवारास, तोंडी परीक्षेंत गुण गमावलेल्या विद्यार्थ्यास, त्याच्या उत्तरावर न्याय मिळावयाचा किंवा नाहीं हें ठरणार आहे. परंतु यांत एक धोकाहि आहे. 'मेंदूंत दोष' हे शब्द आपल्या समाजांत वेडाच्या अर्थानें ऐकले जातात. मुलीचें लग्न ठरत असतां ते शब्द उच्चारावयास कोणते आईबाप धजतील? जिभेवरचा कलंक पुसून तो मेंदूवर लावावयाचा असेल तर शास्त्राच्या या दोनशें वर्षांच्या खटपटीनें तोतऱ्याच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं. तोतऱ्यांची बुद्धि इतरांहून कमी नसते; फरक आहे तो हुकुमाच्या वेळेंत.

इतक्या विवेचनांतून साध्या माणसास उपयोगी पडेल असें थोडेंसेंच निघतें, पण तें अगदीं पक्कें आहे. मूल अडखळूं लागलें तर त्याच्या जिभेस हात लावूं नये. त्याची घरची भाषा तोडूं नये. त्याच्या आईला बोल लावूं नये. कांहीं महिन्यांत तें न सुधारल्यास वाक्-चिकित्सकास दाखवावें. मास्तरांनीं त्यास एकट्यास उभें करून घाई करूं नये. आणि खिडकीशीं, दुकानांत, कचेरींत कोणी शब्दाशीं झगडत उभा असेल तर त्याचा शब्द आपण पुरा करूं नये. तो त्याचा आहे, त्यालाच म्हणूं द्यावा. मागें रांग उभी असतांना चार क्षण थांबावें लागेल. तितके क्षण देण्यास मेंदूचें पूर्ण ज्ञान होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.